घरगुती यंत्रविचार : यंत्रें निराळीं, कोठी एक

हल्लीं सुशिक्षित एकत्र कुटुंबांत एक प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. थोरल्या भावाच्या टेबलावरील संगणक विंडोज पद्धतीचा असतो. धाकट्याचा व्यवसाय चित्रांचा किंवा मुद्रणाचा असला तर त्याच्या खोलींत ॲपल कंपनीचा मॅक असतो. आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत जाणाऱ्या मुलीनें आपल्या यंत्रावर लिनक्स बसविलेलें असतें. चूल एक, देवघर एक, पण घराचें दप्तर मात्र तीन ठिकाणीं विभागलेलें! आजोबांनीं वर्षानुवर्षें खपून जमविलेली वंशावळ एका यंत्रांत, शेताचे सातबारा उतारे दुसऱ्यांत, आणि लग्नामुंजींचीं छायाचित्रें तिसऱ्यांत. एकादा कागद हवा झाला कीं पेन ड्राइव्ह हातांत घेऊन जिने चढावे-उतरावे लागतात; आणि अशा फेऱ्यांत एकाच मृत्युपत्राच्या मसुद्याच्या चार प्रति होऊन बसतात व त्यांतील अखेरची कोणती, हें घरांतील कोणासहि छातीठोकपणें सांगतां येत नाहीं.

यावरील उपाय कोणास ठाऊक नाहीं असें नाहीं. घरांतील सर्व यंत्रें एकाच राऊटरला जोडलेलीं असतातच. तेव्हां एक मोठी डिस्क सर्वांसाठीं सामायिक ठेवावी व ज्यानें त्यानें ती आपल्या टेबलावरूनच उघडावी, हें उघड आहे. परंतु तसा प्रयत्न करणारे पुष्कळजण पहिल्या दोन-तीन अडचणींनाच कंटाळतात, आणि निरनिराळ्या पद्धतींचीं यंत्रें एकत्र नांदणें शक्य नाहीं असा ग्रह करून घेऊन पुन्हां पेन ड्राइव्हकडे वळतात. हा ग्रह खरा नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, या यंत्रांचें एकत्र नांदणें दोनच गोष्टींवर अवलंबून आहे: उंबरठ्यावर सर्वांनीं एक भाषा बोलावी, आणि आंत येणाऱ्यानें आपलें नांव सांगावें. अडचणी येतात त्या, आणि हानि होते ती, बहुधा यांपैकीं एकादी गोष्ट टाळूं गेल्यामुळें.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. डिस्क एका यंत्रापासून सोडवून दुसऱ्यास जोडली म्हणजे कधीं कधीं ती तेथें चालत नाहीं, हा अनुभव पुष्कळांस असेल. त्याचें कारण, डिस्कवर मजकुराची मांडणी करण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. विंडोजची रीत एनटीएफएस. मॅकला ती वाचतां येते, पण आपल्या बळावर तींत लिहितां येत नाहीं. मॅकची रीत एपीएफएस. ती विंडोजला मुळींच उमगत नाहीं. मग राऊटरच्या जाळ्यावरून तीच डिस्क सर्वांना कशी चालावी? याचें उत्तर सोपें आहे. जाळ्यावरून येणारा संगणक डिस्कला स्वतः हातच लावीत नाहीं. मोठ्या घरांत कोठीची खोली असते व तिची व्यवस्था एका जाणत्या बाईकडे असते. गूळ कोणत्या डब्यांत, डाळ कोणत्या पिंपांत, हें ती जाणते. मागणाऱ्यानें दारांत उभें राहून काय हवें तें सांगावें. डिस्क ज्या यंत्राला जोडलेली असते तें यंत्र, म्हणजे सर्व्हर, ही ती कोठी सांभाळणारी बाई होय. आंतली मांडणी कशीहि असो, बाहेरची मागणी तिला समजेल अशा भाषेंत झाली म्हणजे पुरे.

ही मागणीची भाषा हल्लीं एसएमबी या नांवाची आहे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेंतील आयबीएम कंपनींत बॅरी फायगेनबॉम यांनीं तिचा पाया घातला. पुढें मायक्रोसॉफ्टनें ती उचलली, वाढविली, व विंडोजच्या अंगीं भिनविली; तथापि तिचें संपूर्ण व्याकरण बाहेरच्यांस मिळत नव्हतें. १९९१ च्या अखेरीस कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटींत पीएच. डी. चा अभ्यास करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याला आपल्या डॉस पद्धतीच्या संगणकावरून एका युनिक्स यंत्रावरील डिस्क उघडावयाची होती. व्याकरण हातीं नव्हतें; तेव्हां त्यानें तारेवरून जाणारे प्रश्न व येणारीं उत्तरें टिपून घेणारा एक प्रोग्रॅम लिहिला, अमुक विचारलें असतां तमुक उत्तर येतें हें पाहिलें, आणि तशींच उत्तरें आपल्या युनिक्स यंत्राकडून देवविलीं. परप्रांतांत गेलेलें मूल बाजारांतील बोलणें ऐकून तेथील भाषा उचलतें, तसाच हा प्रकार. जानेवारी १९९२ मध्यें त्यानें हें काम सर्वांना मोफत देऊं केलें. पुढें त्याच्या पहिल्या नांवावर एका कंपनीचा हक्क निघाला, तेव्हां एस, एम, बी हीं अक्षरें याच क्रमानें येणारे शब्द त्यानें इंग्रजी शब्दसूचींतून शोधले व 'सांबा' हा शब्द पसंत केला. आपल्या कानास हें शंकराचें नांव वाटेल. वस्तुतः तें ब्राझिल देशांतील एका नृत्याचें आहे.

ऐकून शिकण्याचा हा क्रम पंधरा वर्षें चालला. मार्च २००४ मध्यें युरोपियन कमिशननें मायक्रोसॉफ्टला दंड केला व हुकूम दिला कीं, इतरांच्या सर्व्हरांस विंडोजशीं बोलतां यावें म्हणून लागणारी माहिती खुली करावी. सप्टेंबर २००७ मध्यें युरोपीय न्यायालयानें तो निर्णय मुख्यत्वें कायम केला, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत दहा हजार युरो भरून ती माहिती सांबा तयार करणाऱ्या मंडळींच्या उपयोगीं आणली गेली. ॲपलनेंहि आपली एएफपी ही वेगळी भाषा मागें सारून २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून एसएमबीस अग्रमान दिला. घरगुती साठवणीच्या ज्या पेट्या 'नॅस' या नांवानें बाजारांत मिळतात, त्यांपैकीं बहुतेकींच्या पोटांत लिनक्स व सांबा हीच जोडी असते. तात्पर्य, भाषेचा प्रश्न सुटलेला आहे. आपण तो पुन्हां उकरून काढूं नये.

येथें कोणी म्हणेल कीं, लिनक्सवाल्यांची एनएफएस ही भाषा अधिक साधी आहे, तीच कां नको? सन मायक्रोसिस्टिम्सनें १९८४ सालीं काढलेली ही भाषा खरोखरीच चांगली आहे, व केवळ लिनक्स यंत्रांच्या मेळाव्यांत ती शोभतेहि. परंतु तिच्या साध्या रूपांत माणसाची ओळख नांवानें पटत नाहीं, क्रमांकानें पटते. आणि तो क्रमांक येणारें यंत्र सांगेल तो. लिनक्समध्यें यंत्राच्या पहिल्या मालकास बहुधा १००० हा क्रमांक मिळतो, मॅकमध्यें ५०१. घरांत लिनक्सचीं दोन यंत्रें असलीं तर भाऊ व बहीण दोघेंहि १००० च, म्हणजे सर्व्हरच्या लेखीं एकच माणूस! मिश्र घरांत यास्तव एसएमबीच बरी.

आतां प्रत्यक्ष जोडणी. सर्व्हरचें नांव 'कोठी' व त्यावरील सामायिक फोल्डरचें नांव 'दप्तर' असें समजूं. मात्र हीं दोन नांवें रोमन लिपींत ठेवावीं. विंडोजमध्यें फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टींत प्रथम दोन उलट्या तिरप्या रेघा, मग कोठी, मग एक उलटी रेघ व दप्तर, असें लिहावें. नित्याच्या वापरासाठीं 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' ही सोय वापरून त्यास झेडसारखें एक अक्षर द्यावें, म्हणजे तो घरचाच ड्राइव्ह असल्यासारखा दिसतो. मॅकमध्यें फाइंडरच्या 'गो' या यादींतून 'कनेक्ट टू सर्व्हर' निवडावें, आणि एसएमबी हीं तीन अक्षरें, अपूर्णविराम व दोन सुलट्या तिरप्या रेघा यांच्यापुढें कोठी, सुलटी रेघ, दप्तर असें लिहावें. लिनक्समध्यें फाइली दाखविणाऱ्या खिडकींत मॅकचाच पत्ता चालतो. रेघ कोठें उलटी व कोठें सुलटी, या भेदास कारण आहे. १९८३ सालीं डॉसच्या दुसऱ्या आवृत्तींत फोल्डर आले, तोंवर सुलटी रेघ आज्ञेस पुरवणी सूचना जोडण्याच्या कामीं अडकून गेली होती. म्हणून फोल्डरांच्या वाट्यास उलटी आली, ती आजतागायत!

एवढें करूनहि दार उघडत नाहीं, तेव्हां पुढील तीन गोष्टी पाहाव्या. पहिली: 'नेटवर्क' या यादींत कोठी दिसत नाहीं, म्हणून ती नाहींच असें समजूं नये. जुनी यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या आधारानें तयार होत असे, व ती आवृत्ति आतां बंद असते. यादी रिकामी असली तरी पत्ता लिहून दार उघडतें. नांवानें उघडत नसेल तर सर्व्हरचा आंकडी पत्ता लिहावा, व तो वारंवार बदलूं नये म्हणून राऊटरमध्यें राखून ठेवावा. सर्व्हर जर विंडोजचाच संगणक असेल, तर त्यावर घरचें जाळें 'सार्वजनिक' म्हणून नोंदलेलें नाहीं ना, हेंहि पाहावें. तसें असल्यास तो बाहेरच्यांस दाद देत नाहीं.

दुसरी: विंडोजच्या यंत्रावर सकाळीं आपण जो चार आंकडी पिन दाबतों तो त्या एका यंत्रापुरताच असतो. जाळ्यावरून येणाऱ्यास खात्याचें नांव व खरा पासवर्ड लागतो. पुष्कळ घरांत पासवर्ड कधींच विस्मृतींत गेलेला असतो, पिन पुन्हां पुन्हां दाबला जातो, आणि दोष बिचाऱ्या मॅकच्या माथीं येतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कित्येक घरांत कोठीला पासवर्डच ठेवलेला नसतो. येईल त्यानें पाहुणा म्हणून शिरावें, अशी व्यवस्था असते. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या प्रो आवृत्तीनें अशा बिननांवी दारांतून शिरण्यास आपण होऊन नकार देण्यास आरंभ केला. जी पेटी काल उघडत होती ती आज उघडत नाहीं, तेव्हां पेटी बिघडली असा घरोघर समज झाला असल्यास नवल नाहीं. वस्तुतः बिघाड कांहींच नाहीं. यंत्र एवढेंच म्हणतें कीं, पलीकडे कोण आहे हें कळल्याशिवाय मी बोलणार नाहीं. अशा वेळीं तें बंधन सैल करण्याच्या युक्त्या शोधण्यापेक्षां पेटीवर प्रत्येकाच्या नांवाचें खातें उघडणें हें काम अर्ध्या तासाचें आहे.

जुनें यंत्र चालावें म्हणून जुनी भाषा पुन्हां सुरू करण्याचा मोह याच जातीचा. एसएमबीची पहिली आवृत्ति १९८० नंतरच्या निर्धास्त दिवसांतली. विंडोज एक्सपीला तेवढीच येते, व कांहीं जुन्या स्कॅनरांनाहि. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला, तो विंडोजमधील याच पहिल्या आवृत्तीच्या एका छिद्रांतून. तो एका यंत्रांतून दुसऱ्यांत आपण होऊन जाई, तेथील कागदपत्रें कुलूपबंद करी, व सोडविण्यासाठीं खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या. सुमारें दीडशें देशांतून उपद्रवाच्या वार्ता आल्या. आणि छिद्र बुजविणारी दुरुस्ती तर त्यापूर्वीं दोन महिने, १४ मार्च रोजींच, देण्यांत आली होती! त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० ची नवी बसवणी या पहिल्या आवृत्तीवांचून होऊं लागली, व सप्टेंबर २०१९ मध्यें सांबानेंहि ती मूळचीच बंद ठेविली. यासाठीं आमचें वाचकांस निक्षून सांगणें आहे: एका जुन्या स्कॅनरसाठीं सबंध घराचें दार मोडकें ठेवूं नये. त्या स्कॅनरचे कागद पेन ड्राइव्हनेंच न्यावे. तसेंच, परगांवीं किंवा परदेशीं असलेल्या मुलास कोठी उघडतां यावी म्हणून राऊटरमधून एसएमबीचें दार इंटरनेटवर कदापि उघडूं नये. त्यासाठीं व्हीपीएन नांवाची बंदिस्त वाट आहे, तिचा उपयोग करावा.

आतां मराठींत कागदांस नांवें देणाऱ्यांसाठीं थोडें निराळें. इंग्रजी नांवांत मोठें अक्षर व लहान अक्षर हा भेद लिनक्स मानतें, विंडोज मानीत नाहीं. त्या घोटाळ्यांतून देवनागरी सुटली आहे, कारण आपल्या लिपींत तो भेदच नाहीं. परंतु आपल्या वाट्यास दुसरा घोटाळा आला आहे. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यांतील ऱ संगणकाच्या पोटांत एका अखंड चिन्हानें लिहितां येतो, किंवा साधा र व खालीं नुक्ता अशा दोन चिन्हांनीं. शिवाय साध्या र ला हलन्त व एक अदृश्य सांधा जोडूनहि तेंच रूप उमटतें. डोळ्यांस तिन्ही सारखींच. मॅकच्या जुन्या मांडणींत अखंड चिन्हाचीं दोन केलीं जात. लिनक्स जें मिळेल तें तसेंच ठेवतें. परिणाम असा कीं, 'वऱ्हाडची जमीन' या एकाच नांवाचे दोन कागद एकाच फोल्डरांत शेजारीं शेजारीं बसूं शकतात, व शोधणारास एकच सांपडतो, आणि तोहि कदाचित् जुना! म्हणून महत्त्वाच्या कागदांच्या नांवांत आरंभीं सालाचा व महिन्याचा आंकडा घालावा, व तपासणी त्याच्या आधारें करावी.

नांवांची लांबी हीहि अशीच अडचण आहे. लिनक्सच्या प्रचलित मांडणींत नांवास २५५ बाइट इतकी जागा असते, व देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातें. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून ८५ चिन्हें झालीं कीं जागा संपली. विंडोजवर सुखानें बसलेलें लांबलचक नांव कोठींत जातांना अडतें तें यामुळें. तसेंच प्रश्नचिन्ह, तारका, अवतरणचिन्ह, अपूर्णविराम, तिरप्या व उभ्या रेघा हीं विंडोजला नांवांत चालत नाहींत. मॅकवर 'हें कोणाचें छायाचित्र?' असें नांव दिलेल्या चित्राची विंडोजवर गाडी अडते ती त्या प्रश्नचिन्हापाशीं.

शेवटीं कुलुपांविषयीं. एकत्र कुटुंबांत आपलें-परकें नसतें, मग निरनिराळीं खातीं व निरनिराळे अधिकार कशाला, असा आक्षेप वडील माणसांकडून येणें साहजिक आहे. त्यास उत्तर असें कीं, हे अधिकार माणसांवरील अविश्वासानें ठेवावयाचे नसून यंत्रांवरील अविश्वासानें ठेवावयाचे आहेत. खंडणी मागणारा प्रोग्रॅम ज्या माणसाच्या यंत्रांत शिरतो त्याचेच अधिकार घेऊन कोठींत येतो. त्या माणसास जेथें लिहितां येतें तेवढें सारें तो नासवूं शकतो. वंशावळ सर्वांनीं वाचावी, पण ती लिहिण्याचा अधिकार एकाच दोघांकडे असावा. छायाचित्रें सर्वांनीं आणून टाकावीं, पण जुन्या संग्रहास केवळ वाचनाचीच मुभा असावी. असें केलें म्हणजे नातवाच्या खेळाच्या नादानें आलेलें संकट आजोबांच्या कागदांपर्यंत पोंचत नाहीं, आणि नातवासहि जन्मभर बोल लागत नाहीं.

हेंहि विसरूं नये कीं, सामायिक कोठी ही राखीव प्रत नव्हे. विंडोजवरून नेटवर्क ड्राइव्हवरील कागद पुसला तर तो रिसायकल बिनमध्यें जात नाहीं. गेला तो गेलाच. बहुतेक पेट्यांत अशा कागदांसाठीं वेगळी टोपली ठेवण्याची सोय असते, ती मुद्दाम सुरू करावी. पेटींत दोन डिस्का एकमेकींच्या जोडीस असल्या तरी पुसण्याची आज्ञा दोघीहि एकाच वेळीं पाळतात! म्हणून मूळ धरून तीन प्रति असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, व त्यांतील एक तरी घराबाहेर असावी.

आणि किल्ली? ज्या घरांत पेटीचा मुख्य पासवर्ड एकट्या हुषार मुलाच्या डोक्यांत असतो, तेथें तो मुलगा नोकरीसाठीं दूर गेला, किंवा ईश्वर न करो, त्याचें कांहीं बरेंवाईट झालें, म्हणजे सबंध घराचें दप्तर बंद होतें. डिस्क सांकेतिक कुलुपांत ठेविलेली असल्यास तें पुन्हां उघडत नाहीं. म्हणून तो पासवर्ड कागदावर स्वच्छ लिहून, पाकिटांत घालून, घराच्या खरेदीखताशेजारीं ठेवावा. आणि तें पाकीट कोठें आहे हें कर्त्या पुरुषाप्रमाणेंच घरांतील कर्त्या बाईसहि ठाऊक असावें. येत्या सुटीच्या दिवशीं सर्वांनीं एकत्र बसून, कोणास काय वाचतां यावें व कोणास काय लिहितां यावें याची एका पानाची यादी करावी, व मगच तार जोडावी. यंत्रांची गांठ घालणें त्यानंतर फारसें कठीण जात नाहीं.